घटस्फोटित प्रोटेस्टंट किंवा ऑर्थोडॉक्स व्यक्तीशी कॅथलिक चर्चमध्ये लग्न: सुरुवात कुठून करायची आणि काय काय लागतं

तुम्ही कॅथलिक. ज्याच्याशी लग्न करायचंय तोही ख्रिस्तीच, पण दुसऱ्या पंथाचा. त्याचं आधी एक लग्न झालेलं आहे, कोर्टातून रीतसर घटस्फोट झालाय, आणि त्याच्या चर्चचे पाळक पुन्हा लग्न लावून द्यायला तयार आहेत. तुम्ही दोघं फादरांकडे जाता आणि ते पहिल्याच भेटीत विचारतात, "आधीच्या लग्नाचं काय?" यावर बहुतेक जोडपी एकच उत्तर देतात: "फादर, ते लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालंच नव्हतं!"

या उत्तराने सहसा काम भागत नाही. का भागत नाही हे कळलं की पुढची वाट बरीच सोपी होते.

(लिहायच्या सोयीसाठी कॅथलिक ती आणि घटस्फोटित तो असं धरलंय. उलट असेल तरी नियमात काडीचा फरक पडत नाही.)

चर्च त्या पहिल्या लग्नाकडे कसं बघतं

दोन प्रोटेस्टंटांनी आपल्या चर्चमध्ये किंवा अगदी रजिस्ट्रारसमोर केलेलं लग्न कॅथलिक चर्च खरं लग्न मानतं. दोघांचा बाप्तिस्मा झालेला असेल तर त्या लग्नाला संस्काराचा दर्जाही देतं. कॅथलिक पद्धतीने, म्हणजे धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर लग्न करण्याची सक्ती फक्त कॅथलिकांवर आहे. इतर ख्रिस्ती आपसात लग्न करतात तेव्हा त्यांना ती लागू नाही, हे १९०७ सालच्या 'ने तेमेरे' या आदेशापासून स्पष्ट आहे. लोकांना यात कडकपणा दिसतो. मला त्यात दुसऱ्या चर्चच्या लग्नाचा मान दिसतो. पण मान दिला की बंधनही आलंच: ते लग्न खरं असेल तर कोर्टाने किंवा पाळकांनी ते मोडल्याने मोडत नाही.

सध्याची कॅनन लॉची, म्हणजे चर्चच्या कायद्याची, संहिता १९८३ सालची आहे. तिची दोन कलमं इथे महत्त्वाची. कलम १०६० सांगतं की शंका असेल तर लग्न वैध धरायचं, ते वैध नव्हतं हे सिद्ध होईपर्यंत. कलम १०८५ सांगतं की आधीच्या विवाहबंधनात असलेल्या माणसाला दुसरं लग्न करता येत नाही. आणि आधीचं लग्न मुळात शून्य होतं, म्हणजे वैधपणे कधी झालंच नव्हतं, अशी तुमची कितीही खात्री असली, तरी चर्चने तसं अधिकृतपणे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'आम्हाला माहितीये ना ते लग्न खोटं होतं' या वाक्याला इथे किंमत नाही.

म्हणून घटस्फोट कोणामुळे झाला, कोण चुकलं, हे प्रश्न मागाहूनचे. पहिल्या लग्नाच्या दिवशी नेमकी परिस्थिती काय होती, यावर सगळं ठरतं.

पहिली पायरी: माहिती गोळा करा, भावना नंतर

फादरांना भेटण्याआधी एक संध्याकाळ दोघं बसा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. तोंडी नको, लिहाच. बोलताना 'बहुतेक' आणि 'असावं' फार येतं.

त्याची आधीची बायको हयात आहे का? नसेल तर विषय तिथेच संपतो. मृत्यूचा दाखला लावला की तो मोकळा.

लग्नाच्या वेळी त्या दोघांपैकी कोणी कॅथलिक होतं का? 'चर्चला जायचे का' हा प्रश्न नाही. कॅथलिक बाप्तिस्मा झाला होता का, किंवा नंतर कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश घेतला होता का, एवढंच विचारा. पन्नास वर्षं चर्चची पायरी न चढलेला माणूसही या नियमांपुरता कॅथलिकच.

लग्न कुठे आणि कोणासमोर लागलं? त्या दिवशी दोघांचाही बाप्तिस्मा झालेला होता का, आणि तो कशा पद्धतीने झाला होता?

आधीच्या बायकोचं त्याच्याही आधी लग्न झालं होतं का?

आणि सगळ्यात अवघड प्रश्न: त्याची एकूण लग्नं किती झाली? दोन झाली असतील तर दोन्ही तपासावी लागतात. अठराव्या वर्षी केलेलं आणि सहा महिन्यांत संपलेलं रजिस्टर लग्न लोक मोजतच नाहीत. चर्च मोजतं. आणि ते सगळी तयारी झाल्यावर बाहेर आलं, तर प्रकरण पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी पायरी: आपलं प्रकरण कोणत्या वाटेचं

या उत्तरांवरून वाट ठरते. काही वाटा आठवड्यांच्या असतात, काही वर्षाच्या किंवा त्याहून लांब.

*विवाहविधीतला दोष.* आधीची बायको कॅथलिक होती, आणि त्यांनी चर्चची परवानगी न घेता प्रोटेस्टंट चर्चमध्ये किंवा रजिस्ट्रारसमोर लग्न केलं, तर ते लग्न कॅथलिक नियमानुसार झालेलंच नाही. ही सगळ्यात सोपी वाट. तिचा बाप्तिस्म्याचा अलीकडे काढलेला दाखला, लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा आणि नंतर ते लग्न चर्चमध्ये दुरुस्त करून घेतलं नव्हतं याची खात्री, एवढ्यावर कागदोपत्री काम होतं. साक्षीपुराव्याची सुनावणी लागत नाही. दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. १९८३ ते २०१० या काळात काही जणांनी औपचारिकपणे चर्च सोडलं होतं, त्यांना तेव्हा ही सक्ती नव्हती. २००९ च्या 'ओम्नियम इन मेंतेम' या आदेशाने ती सवलत गेली. दुसरा अपवाद असा, की कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स व्यक्तीचं लग्न ऑर्थोडॉक्स धर्मगुरूने लावलं असेल, तर कॅथलिक परवानगी नसली तरी ते वैध असतं.

*ऑर्थोडॉक्स असल्यास.* ऑर्थोडॉक्स चर्च काही परिस्थितींत घटस्फोट आणि दुसरं लग्न मान्य करतं. त्या चर्चने दिलेली ही मोकळीक कॅथलिक चर्चमध्ये चालत नाही, आणि यावरून बरीच जोडपी गोंधळतात. पण याला एक दुसरी बाजू आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत धर्मगुरूच्या पवित्र विधीशिवाय लग्न होत नाही, आणि कॅथलिक चर्च त्यांचा हा नियम मान्य करतं. त्यामुळे ऑर्थोडॉक्स व्यक्तीने फक्त रजिस्टर लग्न केलं असेल, तर ते शून्य ठरू शकतं. प्रोटेस्टंट व्यक्तीचं तसंच रजिस्टर लग्न मात्र वैध धरलं जातं. पंथाच्या नावाने फरक पडतो तो इथे.

*आधीचं बंधन.* समजा तो लुथरन आहे. त्याने जिच्याशी लग्न केलं ती स्वतः तेव्हा घटस्फोटित होती आणि तिचा पहिला नवरा हयात होता. तिचं पहिलं लग्न वैध असेल, तर ती मोकळी नव्हती, म्हणजे त्याच्याशी झालेलं लग्न सुरुवातीपासूनच शून्य. इथे तिच्या पहिल्या लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद, दोघांच्या बाप्तिस्म्याची माहिती आणि पहिला नवरा त्या तारखेला हयात असल्याचा पुरावा शोधावा लागतो. दुसऱ्याच्या आधीच्या बायकोच्या आधीच्या नवऱ्याचे कागद मिळवणं हे जिकिरीचं काम आहे, पण एकदा मिळाले की निकाल कागदांवरच लागतो.

*बाप्तिस्म्याचा प्रश्न.* हा भाग बारकाईने वाचा. कारण 'ख्रिस्ती' म्हणजे 'बाप्तिस्मा झालेला' असं सगळे धरून चालतात.

बॅप्टिस्ट आणि बऱ्याच पेंटेकोस्टल मंडळ्यांमध्ये बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा होऊन विश्वास कबूल करतो तेव्हा देतात. म्हणजे जन्मापासून चर्चमध्ये वाढलेला मुलगा लग्नाच्या दिवशी बाप्तिस्म्याविना असू शकतो. साल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत. मॉर्मन चर्चचा बाप्तिस्मा वैध नाही असं रोमने २००१ साली स्पष्ट केलं. काही पेंटेकोस्टल मंडळ्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याऐवजी फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. तोही धरला जात नाही.

पहिल्या लग्नात एका बाजूचा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर ते लग्न वैध असलं तरी संस्कार नसतं, आणि पोप विश्वासाच्या हितासाठी ते विसर्जित करू शकतात. अर्ज बिशपांमार्फत रोमला, विश्वासविषयक सिद्धांताच्या विभागाकडे जातो. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला नसेल आणि नंतर एकाने घेतला, तर संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायावर आधारलेली सवलत लागू होऊ शकते. ती स्थानिक बिशपांच्या पातळीवर हाताळली जाते, आणि त्याआधी दुसऱ्या बाजूला विचारावं लागतं. रोमच्या वाटेवर एक अट बोचरी आहे: पहिलं लग्न मोडायला तुम्ही, म्हणजे नवा जोडीदार, दोषी असता कामा नये.

तारखा मात्र नीट जुळवा. लग्नानंतर दोघांनीही बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ते पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले, तर लग्न संस्कार बनून पूर्णत्वास गेलं. मग या दोन्ही वाटा बंद. बाप्तिस्म्याच्या वहीतली एक तारीख अशी सगळं फिरवू शकते.

यातलं काहीच लागू नसेल, म्हणजे दोन बाप्तिस्मा झालेल्या प्रोटेस्टंटांचं नेहमीसारखं लग्न असेल, तर उरते ती ट्रिब्युनलची वाट. बहुतेक वाचक इथेच असतील.

तिसरी पायरी: ट्रिब्युनलपुढचं प्रकरण

ट्रिब्युनल म्हणजे धर्मप्रांताचं न्यायालय. अर्ज त्याने करायचा. तो कॅथलिक नाही याने काही अडत नाही. तुम्ही, म्हणजे होणारी बायको, या प्रकरणात पक्षकार नसता. तुम्हाला अर्ज करता येत नाही, आणि त्याच्या लग्नानंतर भेटलेल्या असाल तर साक्षीदार म्हणूनही तुमचा फारसा उपयोग नाही. हे पचायला जड जातं, पण सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं.

पहिलं लग्न जिथे झालं, दोघांपैकी कोणीही जिथे राहतं, किंवा जिथे जास्त पुरावे आहेत, त्या धर्मप्रांतात प्रकरण चालवता येतं. फादर किंवा ट्रिब्युनलने नेमलेला वकील अर्ज लिहायला मदत करतो. घटस्फोट अंतिम झाल्याशिवाय बहुतेक ट्रिब्युनल फाइल पुढे घेत नाहीत, कारण संसार पुन्हा उभा राहणार नाही याची न्यायाधीशांना खात्री हवी असते.

कारण काय द्यायचं? संसार मोडला, हे कारण नाही. संमती देतानाच काहीतरी खोट होती, हे दाखवायचं असतं. नेहमी पुढे येणारी कारणं अशी: लग्न म्हणजे काय हे पेलण्याइतका विचारच तेव्हा झालेला नव्हता, किंवा मानसिक कारणांमुळे लग्नाच्या मुख्य जबाबदाऱ्या निभावणं शक्यच नव्हतं (कलम १०९५), मुलं, एकनिष्ठा किंवा लग्नाचं कायमपण मनातून नाकारलं होतं (११०१), संमती मिळवण्यासाठी एखादी मोठी गोष्ट लपवून फसवणूक झाली (१०९८), दबाव किंवा भीती होती (११०३).

प्रोटेस्टंट अर्जदार हमखास एक वाक्य लिहितात: 'आमच्या चर्चमध्ये घटस्फोट चालतो, त्यामुळे लग्न कायमचं असतं असं आम्ही मानतच नव्हतो.' एवढ्याने भागत नाही. कलम १०९९ प्रमाणे नुसता चुकीचा समज संमती बिघडवत नाही; त्या समजाने इच्छाच ठरवलेली असावी लागते. लग्नाआधी त्याने मित्राला 'जमलं तर जमलं, नाहीतर दोन वर्षांत मोकळा होईन' असं सांगितलं असेल आणि तो मित्र आज साक्ष द्यायला तयार असेल, तर बोलण्यात वजन येतं.

निवेदनाची तीच गोष्ट. 'आमचं पटत नव्हतं, ती सतत भांडायची' अशी चार पानं लिहिली तरी न्यायाधीशाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'ती गरोदर असल्याचं मार्चमध्ये कळलं. वडिलांनी त्याच रात्री चर्चची तारीख ठरवली. मी भावाला म्हणालो की मला हे लग्न करायचं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरातून निघून गेलो होतो, भावाने परत आणलं.' तारीख, माणूस, बोललेले शब्द. लग्नाच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे पहिले काही महिने यांवर जितकं लिहाल तितकं चांगलं. शेवटच्या भांडणांना एक परिच्छेद पुरे.

साक्षीदार निवडतानाही हाच निकष. आज जवळ असलेले मित्र नकोत. तेव्हा जवळ असलेले हवेत. भावंडं, त्या वेळचा रूममेट, लग्न लावणारे पाळक. कलम १०९५ च्या प्रकरणात तज्ज्ञ मानसोपचारतज्ज्ञाचं मतही सहसा मागवलं जातं.

आधीच्या बायकोला नोटीस जातेच, आणि इथे बरेच जण घाबरतात. तिची संमती लागत नाही. ती आली तर तिचं ऐकलं जातं, उत्तरच दिलं नाही तरी प्रकरण पुढे चालतं. पण तिचा पत्ता माहीत असून 'माहीत नाही' लिहू नका. तिला बाजू मांडायची संधीच मिळाली नाही असं पुढे निघालं, तर अनुकूल निकालही शून्य ठरू शकतो. पूर्वी मारहाण झाली असेल, पत्ता तिला कळू द्यायचा नसेल, तर ते ट्रिब्युनलला पहिल्याच दिवशी सांगा. दोघांना समोरासमोर बसवत नाहीत.

न्यायाधीशांशिवाय विवाहबंधनाचा रक्षक नावाचा अधिकारी असतो. लग्न वैध होतं या बाजूने जे म्हणता येईल ते मांडणं हे त्याचं काम. त्याचे प्रश्न टोचले तरी ते वैयक्तिक घेऊ नका. न्यायाधीशांना नैतिक निश्चिती, म्हणजे वाजवी शंका उरणार नाही इतकी खात्री, मिळाली तरच लग्न शून्य ठरवलं जातं. निकालाविरुद्ध अपिलाला पंधरा दिवस असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'मितिस युदेक्स दोमिनुस येसुस' या आदेशाने नियम बदलले. तोपर्यंत दोन न्यायालयांचे एकसारखे निकाल लागत. आता एक अनुकूल निकाल पुरतो.

त्याच आदेशाने एक छोटी प्रक्रियाही आणली. अर्ज दोघांनी मिळून केला, किंवा दुसऱ्या बाजूची संमती असली, आणि शून्यता पुराव्यांवरून उघड दिसत असली, तर बिशप स्वतः निकाल देतात. आधीच्या बायकोशी बोलणं शक्य असेल तर यासाठी जरूर बोला. नेहमीच्या प्रक्रियेत पहिल्या न्यायालयाने वर्षाच्या आत काम संपवावं असं संहिता म्हणते. प्रत्यक्षात फाइलींच्या गर्दीवर आणि साक्षीदारांच्या आळशीपणावर बरंच अवलंबून असतं. म्हणून निकाल हातात येईपर्यंत तारीख ठरवू नका, हॉल बुक करू नका, पत्रिका छापू नका. फादरांनाही त्याआधी तारीख देता येत नाही. निकाल विरोधात गेला तर अपील आहे, वेगळ्या कारणावर नवा अर्जही करता येतो. पण अनुकूल निकाल मिळेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मुलांची काळजी मात्र करू नका. पहिलं लग्न शून्य ठरलं तरी त्यातली मुलं औरसच राहतात; कलम ११३७ तसं स्पष्ट सांगतं.

चौथी पायरी: तो मोकळा झाला, आता आपलं लग्न

निकालात कधीकधी एक अट असते: बिशपांना विचारल्याशिवाय नवं लग्न करू नये. पहिलं लग्न ज्या अडचणीमुळे शून्य ठरलं ती अजून आहे का, हे पाहण्यासाठी ती घातलेली असते. निकालपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

त्यानंतर मिश्र विवाहाची परवानगी. ती बिशपांच्या कार्यालयातून येते, अर्ज फादर भरतात. तुम्ही विश्वास न सोडण्याची तयारी जाहीर करता आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व संगोपन देण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन देता. त्याला काही सही करावी लागत नाही. या वचनाची त्याला कल्पना दिलेली असावी एवढंच. तो कॅथलिक झालाच पाहिजे अशी अटही नाही. पहिल्या लग्नातली मुलं किंवा पोटगी यांची जबाबदारी त्याच्यावर असेल तर बिशपांची वेगळी परवानगी लागते, आणि तो ती निभावतोय हे दाखवावं लागतं. बाप्तिस्म्याचा पुरावा धूसर असेल तर खबरदारी म्हणून बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करण्याची सूटही घेऊन ठेवतात.

लग्न सहसा मिस्सेशिवाय, वचनविधीसह (म्हणजे बायबलमधल्या वाचनांसह) लागतं. त्याचे पाळक येऊन वाचन, प्रार्थना किंवा आशीर्वाद देऊ शकतात. त्याच्याच चर्चमध्ये लग्न व्हावं असं वाटत असेल तर विवाहविधीतून सूट मिळू शकते, पण ती आधी मिळवा. अशी सूट न घेता प्रोटेस्टंट चर्चमध्ये लागलेलं लग्न कॅथलिक चर्चच्या दृष्टीने शून्य. एकदा इथे आणि एकदा तिथे असे दोन विधी, दोन्हीकडे संमती देऊन, करता येत नाहीत.

रजिस्टर लग्न आधीच झालं असेल तर

तरीही फादरांकडे जा. ट्रिब्युनलचा अर्ज त्याने अडत नाही. निकाल अनुकूल लागला की मिश्र विवाहाची परवानगी घेऊन तुम्ही दोघं फादर आणि दोन साक्षीदारांसमोर नव्याने संमती देता, छोटासा विधी होतो. तो चर्चमध्ये पुन्हा उभं राहायला तयारच नसेल, आणि दोघांची मूळ संमती टिकून असेल, तर बिशप मूळ लग्नालाच मुळापासून वैधता देऊ शकतात. तेव्हा नव्या विधीची गरज उरत नाही. तोपर्यंत कम्युनियन घ्यायचं की नाही हा प्रश्न मनात ठेवून कुढत बसू नका; तोही त्याच फादरांना पहिल्या भेटीत विचारा.